छपराआधी मेंढा

आमच्या तेरेकचात गावी सामूहिक शेती होती तेव्हा मी हजेरीनवीस होतो. कोण किती वाजता आला, किती पेंढ्या बांधल्या, कोण पोटात दुखतंय म्हणून पॉपलरच्या सावलीत आडवा झाला, सगळं माझ्या वहीत. पुढे शेती मोडली. ट्रॅक्टर, नांगर, तारेची कुंपणं ज्याला जे जमलं ते त्याने नेलं. माझ्या वाट्याला सवय आली. अजूनही चार माणसं एका कामावर जमली की माझी बोटं खिशात पेन्सिल शोधतात.

म्हणून शाळेच्या कामाची हजेरीही मीच ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे घर बांधायचं झालं की आशार बोलावतात. आज सगळं गाव तुझ्या भिंतीवर, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, घरधनी जेवू घालतो एवढंच. कोण किती दिवस आला हे कोणी लिहीत नाही, कारण प्रत्येकाला ते मरेपर्यंत पाठ असतं. मी आपला लिहितो.

त्या वर्षी मार्चमध्ये बर्फाच्या ओझ्याने शाळेचं छप्पर बसलं. रविवार होता, म्हणून पोरं वाचली. दोन खोल्यांची शाळा, चार इयत्ता, अकरा मुलं आणि एक मास्तरीण. ती मास्तरीण म्हणजे माझी मोठी बहीण सायरा. एकतीस वर्षं तिने त्या दोन खोल्यांत काढली. सगळं गाव तिला सायरा एजे म्हणतं, म्हणजे मोठी बहीण. तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा. कारण त्यांच्या नातवांच्या सह्या तिने शिकवलेल्या.

तालुक्याहून कागद आला. पंचवीस ऑगस्टपर्यंत छपरासकट इमारत उभी दिसली तर शाळा राहील. नाही दिसली तर तेरेकचातची शाळा यादीतून कमी होईल आणि मुलं चाळीस किलोमीटरवरच्या वसतिगृहात जातील. सात वर्षांचीसुद्धा. माझी नात बेगाइम त्याच सप्टेंबरला पहिलीत जाणार होती.

एजेने तो कागद मला वाचून दाखवला, घडी घातली आणि म्हणाली, "मामबेत, शाळा गेली की पोरांमागून आया जातील, आयांमागून बाप. मग तू हजेरी कुणाची घेशील? कुत्र्यांची?"

भिंती आम्हीच बांधल्या. चिखल तुडवला, विटा पाडल्या, वाळवल्या, रचल्या. तेहतीस दिवस, एकोणीस घरं. माझी वही साक्षीला आहे. अडलं ते छपरापाशी. भिंत कोणीही रचेल, पण छपराच्या कैच्या, म्हणजे ते तिकोनी लाकडी सांगाडे, मापात बसवायला सुतार लागतो आणि गावचे सुतार रशियात. दोनच सुतार होते, दोघेही तिकडे दुसऱ्यांची घरं बांधत होते. आमची तरणी माणसं अशीच. सगळ्या जगाला छप्पर घालतात, गावाला सोडून.

तेव्हा राजधानीतल्या एका संस्थेकडून निरोप आला. डेन्मार्कची बारा माणसं येणार, ऑगस्टमध्ये दोन आठवडे, फुकट काम करायला. आणि त्यांचा म्होरक्या हेनिंग हा चाळीस वर्षं छपरंच बांधत आलेला सुतार.

एजे तो निरोप ऐकून माझ्या ओट्यावर बसली ती बराच वेळ उठली नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे राहिली."

पाहुणे येण्याच्या आधी गाव जेकशेनबाबांच्या अंगणात जमलं. जेकशेनबाबा आमच्यातले सर्वांत वयस्क. त्यांनी दाढीवरून हात फिरवला की विषय संपला असं समजायचं.

"बारा माणसं," बाबा म्हणाले. "समुद्रापलीकडून येतायत. कोणाच्या घरी कधी, ते ठरवा."

"घरी कशाला?" एजे म्हणाली. "कामाला येतायत ती. भिंतीजवळ मोठी कढई लावू. मी शोरबा करीन रोज. नान सोबत. खातील आणि चढतील."

मग सातारने घसा खाकरला. सातार माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या कुंपणात एक वीत अंतर आहे आणि त्या विताभर जागेत आमची चाळीस वर्षांची चुरस वाढलेली आहे.

"एजे," तो म्हणाला, "गाढव नवीन आणलं तरी आधी चारा टाकतात, मग ओझं. ही तर माणसं आहेत. विटांवर बसवून शोरबा पाजलात तर उद्या माझं थडगंसुद्धा लाजेल."

सगळे हसले. एजे हसली नाही. "चौदा दिवस आहेत," ती म्हणाली. "चौदा. मामबेत, लिहून घे."

मी लिहून घेतलं. तेवढ्यात सातार तोंड उघडताना दिसला. तो 'पहिला मेंढा माझा' म्हणणार हे मला त्याच्या नाकपुड्यांवरून कळलं. म्हणून मीच ओरडलो, "पहिला मेंढा माझा!"

एजेने माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे आले. अकरा तरुण पोरंपोरी, सगळ्यांच्या नाकाची साल निघालेली. बारावा हेनिंग; साठीचा, लांबलचक, हातात एक लाकडी पेटी. पेटीत त्याच्या स्वतःच्या पटाश्या, रंधे, गुण्या, जाड कापडात गुंडाळलेल्या, जशी आमच्या बायका तान्ही मुलं गुंडाळतात. सोबत दुभाषी मुलगी आयझिरेक, राजधानीची, उंच टाचांची. गाडीतून उतरल्याबरोबर हेनिंग भिंतींकडे गेला. तळव्याने भिंत चाचपली, ओळंबा सोडून पाहिला आणि मान हलवली. एजे मागेच उभी होती. तिचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली.

मग आम्ही त्याला दंडाला धरून माझ्या घरी नेलं.

दारापासून सर्वांत दूरची, मानाची जागा त्याला. मेंढ्याचं डोकंही त्यालाच. तो डोक्याकडे बघत राहिला, डोकं त्याच्याकडे. मग त्याने आयझिरेकला काहीतरी विचारलं.

"मामबेत बायके," ती मला म्हणाली, बायके म्हणजे थोरला भाऊ, "ते विचारतायत, छपराला हात कधी लावायचा?"

"सांग त्यांना, कान कापा आणि लहान मुलाला द्या. तशी रीत आहे."

"ते छपराचं विचारतायत, बायके."

"आधी कान."

माझ्या वहीतून उतरवतो. पहिला दिवस: आगमन, माझ्याकडे जेवण, सूर्यास्तापर्यंत. दुसरा: विश्रांती, कारण आदल्या दिवशी एवढं खाल्लं होतं. तिसरा: सातारकडे. त्याचा मेंढा माझ्यापेक्षा मोठा निघाला. नंतर घोड्यांचे खेळ. चौथा: अकरा वाजता काम सुरू, एक वाजता जेकशेनबाबांकडे जेवण, पाच वाजता अजून जेवणच. पाचवा: सहा पाहुणे आजारी, चरबीने. सहावा, सातवा: वरच्या कुरणावर नेलं. आमच्याकडे येऊन कुरण न पाहता, घोडीचं आंबवलेलं दूध न पिता गेले असं कोणी म्हणायला नको. आठवा: चार आजारी, दुधाने, उरलेल्यांनी भिंतींवर तुळया चढवल्या. आणि जिथे पाहुणे तिथे यजमान हवेतच, म्हणून या आठ दिवसांत गावातला एकही पुरुष कामावर नव्हता. गवत कापून शेतात पडलं होतं.

हेनिंग रोज सकाळी सहाला पेटी घेऊन शाळेपाशी उभा असायचा. रोज नऊच्या सुमारास कोणीतरी गोड हसत त्याला घेऊन जायचं. एका सकाळी मी त्याला पाहिलं. पटाशीला धार लावत होता. धार होतीच. तरी लावत होता.

नवव्या दिवशी जेवण घालायची पाळी एजेची.

तिने मेंढा कापला नाही. भल्या पहाटे भिंतीच्या आडोशाला कढई लावली. हाडं, बटाटे, गाजर, कांदा. दुपारी बाराला डाव कढईच्या काठावर आपटला, जशी ती शाळेची घंटा वाजवायची. पाहुण्यांनी विटांवर बसून शोरबा प्यायला. वीस मिनिटं, मी घड्याळ लावलं होतं. हेनिंगने तीन वाडगे घेतले. तिसरा संपवून तो एजेकडे बघून काही म्हणाला.

"म्हणतायत, इथे आल्यापासूनचं हे सगळ्यात चांगलं जेवण," आयझिरेक म्हणाली.

"सांग, उद्याही हेच," एजे म्हणाली. "परवाही."

त्या एका दिवसात सहा कैच्या उभ्या राहिल्या. बारा हव्या होत्या. म्हणजे आणखी एक दिवस कैच्यांचा, दोन दिवस फळ्या आणि पत्र्यांचे. हातात होते पाच. संध्याकाळी एजे माझ्या कुंपणापाशी आली. डोक्यावरच्या रुमालाला धूर, हाताला फोड.

"तीन दिवस, मामबेत. मला फक्त तीन दिवस दे. कोणाला पाहुण्यांना बोलवू देऊ नकोस. तुझं ऐकतील, तुझ्यापासूनच सुरू झालंय हे. मी जाऊन रागावले तर म्हणतील, बाई कंजूष आहे."

"देतो," मी म्हणालो. खरंच म्हणालो. खोटं बोलायचं मनात नव्हतं.

ती गेली आणि मी नळावर पाणी भरायला गेलो. सातारची बायको दोन शेजारणींना सांगत होती, माझ्याकडे पाठ करून, पण आवाज माझ्याकडे तोंड करून: "एकतीस वर्षं सरकारचा पगार खाल्ला, घरात दोनच मेंढे, तेही पोटच्या पोरांसारखे सांभाळलेत. पाहुण्यांना विटांवर बसवून पाणी पाजलं बाई! आमच्या सासऱ्यांनी दुष्काळात शत्रूला असं खाऊ घातलं नसतं."

सातार बादली धरून उभा होता. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "त्यांच्या घराण्याची पद्धत असेल."

घराण्याची पद्धत! आमच्या बापाने माझ्या सुंतेला घोडा कापला होता.

रात्रभर तो शब्द माझ्या कानात बसला. सकाळी आठला मी शाळेपाशी गेलो. हेनिंग सातव्या कैचीवर होता, तोंडात पेन्सिल. एजे कढईखाली काटक्या सरकवत होती. मी त्याचा दंड धरला आणि खाली उतरवलं. आयझिरेकला म्हणालो, "सांग, आज पुन्हा माझ्याकडे. नाही म्हटलं तर मी गावात तोंड दाखवू शकणार नाही." तो काय म्हणाला ते तिने मला सांगितलं नाही. पण तो आला. मोठा भला माणूस; माझी लाज त्याला माझ्यापेक्षा जास्त जपावीशी वाटली.

एजे काटक्या घेऊन तशीच बसलेली होती. "मामबेत," ती म्हणाली, "हा मेंढा कुणासाठी कापतोयस?"

"तुझ्यासाठीच, एजे. तुझं नाव धुवायला."

"माझं नाव त्या छपरावर आहे. तिथे धू."

मी दुसरा मेंढा कापला, आणि मग सातारला दुसरा कापावा लागला, तो अकरावा दिवस. दोघांनी दुसरा कापल्यावर जेकशेनबाबांनी दाढीवरून हात फिरवला, तो बारावा. तेराव्या दिवशी पाऊस. हेनिंग सहाला एकटाच भिंतीवर चढला आणि भिजत त्या अर्ध्या राहिलेल्या सातव्या कैचीचा खांब बसवू लागला. सगळं गाव धावलं. "पाहुणा भिजतोय! पाहुणा भिजतोय!" चार माणसांनी शिडी धरली, दोघांनी त्याला खाली आणला, माझा मेंढीच्या कातड्याचा कोट त्याच्या अंगावर घातला, चहा पाजला. तो खिडकीतून शाळेकडे बघत होता. चौदाव्या दिवशी निरोप, टोप्या, मिठ्या, छायाचित्रं. निघताना त्याने एजेचा हात बराच वेळ धरून ठेवला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याची गरजही नव्हती.

वहीत शेवटी बेरीज केली. चौदा दिवस. कामाचे अडीच. मेंढे एकवीस.

उरलेले नऊ दिवस आम्ही काय करत होतो, असं कोणीही विचारेल. गवत. दोन आठवडे शेतात पडलेलं, पावसाने भिजलेलं, काळं पडायला लागलेलं. गवत गेलं की हिवाळ्यात जनावर जातं. सगळं गाव शेतात उलटलं. एजे दोनदा घरोघर फिरली. "दोन दिवस द्या, मी खिळे ठोकीन, तुम्ही फक्त वर उचलून द्या." सगळे म्हणाले, एजे, बरोबर आहे तुमचं. आणि दाताळी उचलून गवताला गेले. तिच्या नावापुढे माझ्या वहीत त्या नऊ दिवसांत नऊ खुणा आहेत. शिडीवर एकटी, अठ्ठावन्न वर्षांची. कैची एकटीने उभी राहत नाही.

पंचवीसला तालुक्याचा माणूस आला. सज्जन होता, आमच्याच खोऱ्यातला, त्याची आई इथली. त्याने सहा कैच्यांकडे पाहिलं, सातव्या अर्ध्या कैचीकडे पाहिलं आणि टोपी काढली. सातारने त्यालाही घरी नेलं. मेंढा कापला. त्याने पोटभर खाल्लं, हात धुतले, डोळे पुसले आणि कागदावर लिहिलं: छप्पर नाही.

"दुसरं काय लिहू, एजे?" तो म्हणाला. तो तिचाच विद्यार्थी होता.

"जे दिसतं ते लिही," एजे म्हणाली. "तेच शिकवलंय तुला."

एक सप्टेंबरला गाडी आली. बेगाइमच्या केसांना तिच्या आईने पांढऱ्या फिती बांधल्या होत्या, पहिल्या दिवशी बांधतात तशा. अकरा मुलं चढली. बाराव्या सीटवर एजे चढली, एक ट्रंक घेऊन. वसतिगृहात मुलांची आंघोळ, कपडे, अंथरुणं बघणारी बाई हवी होती, ती जागा तिने घेतली. शिकवायला तिथे दुसरी माणसं होती, तिच्याहून शिकलेली. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिणारी माझी बहीण ओल्या गाद्या वाळवायला गेली.

बेगाइम पंधरा दिवसांनी घरी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा झोपताना बूट उशीखाली ठेवले. चोरी होते म्हणे तिथे. मग तिच्या आईने माझ्याशी बोलणं सोडलं आणि जानेवारीत ती आणि माझा मुलगा तालुक्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. मग सातारचा धाकटा. मग आणखी दोन घरं. एजेने सांगितलेल्या क्रमाने. सहा कैच्या बर्फात उभ्या होत्या, मेलेल्या घोड्याच्या बरगड्यांसारख्या. मी त्या बाजूने जाणं टाळायचो.

पुढच्या जुलैत आयझिरेकचा फोन आला. "मामबेत बायके, हेनिंग येतायत. एकटेच. काम अर्धं राहिलं म्हणून त्यांना झोप लागत नाही म्हणे. रशियन शिकलेत थोडं. मला यायला जमणार नाही." मी काही बोलायच्या आत तिने पुढचं विचारलं, "मुलं बरी आहेत ना?" मी म्हणालो, बरी आहेत. ते खोटं नव्हतं.

तो आला. तीच पेटी. सातार मेंढ्याची दोरी धरून माझ्या दारात उभा होताच. हेनिंगने हात उंच केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, मोडक्या रशियनमध्ये: "मेंढा नको. शोरबा. विटांवर." सातार दोरी घेऊन परत गेला.

नऊ दिवस तो छपरावर, मी शिडीवर, खिळे द्यायला. वाकडे खिळे तो सरळ करायचा, फेकायचा नाही. त्याला सांगायला हवं होतं की शाळा यादीतून गेली. आमच्याकडे कामातल्या पाहुण्याला वाईट बातमी देत नाहीत. जेवून, झोपून उठू द्यावं, मग सांगावं. मी रोज ठरवायचो, उद्या. चौथ्या दिवशी सांगणारच होतो, पण माझ्या तोंडात खिळे होते. पाचव्या दिवशी नव्हते.

नवव्या दिवशी शेवटचा पत्रा ठोकून तो खाली उतरला आणि विचारलं, "बाई कुठे?"

मी निरोप पाठवला होता. एजे दुपारच्या गाडीने आली. वर्षात बरीच म्हातारी झाली होती. हात धुण्याच्या पावडरीने लाल, भेगाळलेले. ती आता परगावची, म्हणून माझ्या बायकोने तिला घरात नेऊन वर, मानाच्या जागी बसवायला पाहिलं.

"मला तिथे बसवू नका," एजे म्हणाली. "कढई कुठे आहे?"

तिने शाळेच्या भिंतीपाशी शोरबा केला. तिघेच होतो. हेनिंगने पुन्हा तीन वाडगे घेतले. मग तो शब्द जुळवत म्हणाला, "मुलं. कुठे मुलं? दिसत नाही एकही."

मी वाडग्यात बघत राहिलो. मला वाटलं, आता एजे सांगेल. सगळ्या गावात पाहुण्याला खरं बोलणारी ती एकटीच.

"सुट्टी आहे," एजे म्हणाली, सावकाश, एकेक रशियन शब्द स्वच्छ, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं. "उन्हाळ्याची. कुरणावर गेलीत. सप्टेंबरला येतील."

"किती?"

"अकरा."

"अकरा," हेनिंग म्हणाला आणि बोटांवर मोजून दाखवलं, दहा, मग एक. खूप हसला. पेटीतला काटकोन मापायचा गुण्या काढून त्याने तिला दिला. "वर्गात. भूमितीला." तिने दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी त्याची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती हात हलवत राहिली. मग शाळेत शिरली. मी मागून. खोलीत नव्या लाकडाचा वास होता. तिने मान वर करून पहिल्या कैचीपासून बाराव्यापर्यंत नजर फिरवली, भिंतीला तळवा लावला.

"चांगलं केलंय," ती म्हणाली. "थेंब येणार नाही."

"एजे," मी म्हणालो आणि खिशात पेन्सिल शोधू लागलो.

तिने गुण्या रुमालाने पुसला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"तुझं आणि सातारचं गवत या वर्षी इथेच भरणार असशील ना?" ती म्हणाली. "भर. बाहेर भिजतं."